सुई लावण्याआधी नाडी मोजा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन असे की आष्टीच्या बाजारातल्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हते. मी दवाखान्याचे दार लोटून घेण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात जवळच्या खेड्यातला एक तरुण शेतकरी मोटारसायकलवर आला. मधे वडील बसलेले, मागे धाकटा भाऊ त्यांना धरून. म्हातारबुवांना मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आठ दिवस काढून ते सुखरूप परतले होते.

मुलाने हातातली प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. त्यात जुने कागद, ईसीजीच्या पट्ट्या, अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे आणि दोन काचेच्या कुप्या.

"डाक्टरसाहेब, बाबाची छाती सकाळपासून धडधड करून राह्यली. तिकडं असंच झालं होतं तवा हेच इंजेक्शन देल्लं होतं. पाच मिनिटांत आराम पडला. दोन उरले व्हते, ते आमी जपून ठेवले. लावून द्या ना जी!"

कुप्या मेटोप्रोलॉल या औषधाच्या होत्या. पत्र्याच्या घरात, कोनाड्यात, दोन उन्हाळे काढलेल्या. मुदत संपली होती, पण घटकाभर समजू की त्या नव्याकोऱ्या होत्या. तरीही त्या दिवशी ती सुई मी लावली असती तर काय झाले असते, हे सांगण्यासाठीच आजच्या लेखाचा प्रपंच.

मी आधी नाडी धरली. मिनिटाला 124 ठोके, आणि धाग्यासारखी बारीक. रक्तदाब 90 च्या आसपास. जीभ कोरडी ठक्क. विचारता विचारता कळले की तीन दिवसांपासून हगवण लागलेली होती. पाणी पोटात ठरत नव्हते आणि आदल्या रात्रीपासून लघवी झाली नव्हती. हृदयाच्या रोजच्या गोळ्याही दोन दिवसांपासून बंद होत्या, कारण घेतली की उलटून पडत होती. ईसीजी काढला, त्यात नवा झटका दिसत नव्हता. म्हणजे धडधडीचे मुख्य कारण हृदयात नव्हते, आतड्यात होते. अंगातले पाणी आटले होते. उरलेले थोडके रक्त मेंदूला आणि मूत्रपिंडाला पुरवण्यासाठी बिचारे हृदय दुप्पट वेगाने राबत होते. छातीत पाणी भरत नाही ना, हे दर थोड्या वेळाने ऐकत, बेताबेताने सलाईन दिले. संध्याकाळपर्यंत नाडी 92 वर आली, लघवी झाली, म्हातारबुवांनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून रोजची गोळी पुन्हा सुरू केली.

मुलगा मात्र दुपारी माझ्यावर रागावला होता. "दवाई आमच्याच जवळची हाये, फक्त टोचायची तर हाये," असे तो दोनदा म्हणाला. त्याचा राग मला समजतो. बाप डोळ्यांदेखत तळमळत असताना कोणाचेही असेच होईल. पण त्या "फक्त टोचायची" या दोन शब्दांतच सगळा धोका भरलेला आहे.

हे औषध करते काय?

आपण घाबरलो, धावलो, ताप आला किंवा रक्त गेले की शरीरात अॅड्रेनलिन नावाचा रस सुटतो. बैलाला पराणी टोचावी तसा तो हृदयाला टोचतो. हृदय जोराने आणि भराभर चालू लागते. हृदयाच्या पेशींवर ज्या ठिकाणी ही पराणी टोचली जाते त्या जागांना बीटा रिसेप्टर म्हणतात. त्या जागा झाकून टाकणारी औषधे ती बीटा ब्लॉकर. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध या विचारातून तयार केले. त्यांना 1988 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. आज मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल अशी या घराण्यातली कितीतरी औषधे घरोघरी पोचली आहेत. आपल्या आष्टी तालुक्यातही रक्तदाबाचे किंवा हृदयाचे रुग्ण असलेल्या घरांत यापैकी एखादी गोळी हमखास सापडेल.

औषध गुणी आहे, यात वाद नाही. हृदयाचे ठोके कमी होतात, त्याला लागणारा प्राणवायू कमी होतो, दमलेल्या बैलाला सावली मिळते. पण गाडी भरलेली असताना आणि चढ लागलेला असताना पराणी काढून घेतली तर? गाडी मागे घसरेल. म्हातारबुवांच्या बाबतीत नेमके तेच झाले असते. आटलेले रक्त फिरवण्यासाठी जो वेग लागत होता तोच आपण काढून घेतला असता. रक्तदाब कोसळला असता आणि तो सावरायला माझ्याजवळ फार थोडी साधने होती.

गोळी आणि सुई सारखी नाही

आपल्या भागात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. गोळी म्हणजे हलके औषध, सुई म्हणजे जालीम, आणि सलाईन म्हणजे तर राजेशाही उपचार. "नुसत्या गोळ्या देल्ल्या, सुई नाही लावली," ही डॉक्टरबद्दलची तक्रार मी पारावर स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. या समजुतीला खतपाणी घालण्यात आम्ही डॉक्टरही मागे राहिलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

बीटा ब्लॉकरच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते. मेटोप्रोलॉलची गोळी पोटात गेली की आतड्यातून यकृतात जाते. तिथे सुमारे निम्मे औषध निकामी होऊन उरलेले रक्तात उतरते, तेही सावकाश. शिरेतून दिलेले औषध मात्र कोणत्याही नाक्यावर न थांबता सरळ हृदयाशी जाते आणि काही मिनिटांत काम करू लागते. म्हणून गोळी 25 किंवा 50 मिलिग्रॅमची असते, तर सुई एका वेळी 5 मिलिग्रॅमची. तीसुद्धा घड्याळाकडे बघत दोन मिनिटांत सावकाश द्यायची, मग थांबायचे, नाडी, रक्तदाब आणि ईसीजी बघायचा. गरज असेल तरच काही मिनिटांनी पुन्हा, आणि एकूण 15 मिलिग्रॅमच्या पुढे जायचे नाही. प्रोप्रॅनोलॉलमध्ये तर हा फरक आणखी मोठा आहे. गोळी 40 मिलिग्रॅमची, तर शिरेतला डोस 1 मिलिग्रॅमच्या आसपासचा. कागदावर नुसता आकडा लिहिला आणि गोळी की सुई ते लिहायचे राहिले, तर काय अनर्थ होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरी गोष्ट. पोटात गेलेली गोळी लगेच लक्षात आली तर काही उपाय करायला थोडा वेळ मिळतो. शिरेत गेलेले औषध परत ओढून घेता येत नाही. मेटोप्रोलॉलचा परिणाम काही तास राहतो. नाडी 40 च्या खाली गेली, रक्तदाब पडला, तर अॅट्रोपिन, रक्तदाब वाढवणारी औषधे, ग्लुकॅगॉन, प्रसंगी बाहेरून हृदयाला विजेचे ठोके देणारा पेसमेकर, एवढा सरंजाम लागतो. हा सरंजाम खेड्यातल्या खोलीवजा दवाखान्यात नसतो. याच कारणाने शहरातले डॉक्टर अतिदक्षता विभागात कधी कधी एस्मोलॉल नावाचा याच घराण्यातला धाकटा भाऊ वापरतात. त्याचा असर सुमारे 9 मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे चूक झालीच तर ती लवकर ओसरते. पण त्यालाही मॉनिटर आणि पंप लागतोच.

मग ही सुई कशासाठी?

वाचक विचारतील, एवढी धोक्याची वस्तू आहे तर ठेवता कशाला? कारण योग्य जागी ती प्राण वाचवते. काही प्रकारच्या अनियमित किंवा अतिवेगवान ठोक्यांमध्ये हृदयाची लय ताब्यात आणायला ती लागते. छातीतल्या महारोहिणीचा पापुद्रा फाटतो त्या भयंकर आजारात रक्ताचा धक्का कमी करायला ती लागते. गरोदर बाईचा रक्तदाब 160/110 किंवा त्याहून वर गेला, झटके येण्याची भीती निर्माण झाली, तर लॅबेटॅलॉल हे याच घराण्यातले इंजेक्शन जगभर वापरले जाते. त्याने कितीतरी माता वाचल्या आहेत. मात्र त्या मातेला दमा असेल तर तेही चालत नाही, दुसरे औषध शोधावे लागते.

आणि हृदयविकाराचा झटका? इथे जरा इतिहास सांगतो, कारण तो शिकण्यासारखा आहे. 1986 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका आलेल्या 16,027 रुग्णांपैकी निम्म्यांना अॅटेनोलॉल आधी शिरेतून आणि मग गोळीने दिले होते. पहिल्या आठवड्यातले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू शंभरामागे सुमारे साडेचारवरून चारच्या खाली आले. फरक थोडा, पण खरा. त्यानंतर झटका आला की बीटा ब्लॉकर शिरेतून द्यायचे, हा बऱ्याच ठिकाणी रिवाज झाला.

पुढे 2005 साली चीनमधल्या 1,250 रुग्णालयांतला एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण 45,852. त्यांच्यापैकी निम्म्यांना मेटोप्रोलॉल शिरेतून आणि नंतर गोळीने, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. निकाल काय लागला? औषध दिलेल्यांत दर हजारी पाच जणांना दुसरा झटका टळला. आणखी पाच जणांचे हृदय थरथरून बंद पडणे टळले. आनंदाची गोष्ट. पण त्याच हजारांत अकरा जण जास्त शॉकमध्ये गेले, म्हणजे त्यांचा रक्तदाब कोसळून हृदयाची ताकदच संपली. हे मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत घडले. सगळी गोळाबेरीज केली तर मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही.

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले, असा हा हिशेब. शॉकमध्ये कोण गेले? बहुतेक करून सत्तरीच्या पुढचे, ज्यांचा वरचा रक्तदाब आधीच 120 च्या खाली होता, ज्यांची नाडी 110 च्या वर होती, ज्यांच्या छातीत पाणी भरू लागले होते. म्हणजे बघा, ज्याची नाडी सर्वांत जोरात पळत होती, ज्याला पाहून नातेवाईक "काहीतरी करा हो" म्हणतील, त्यालाच या सुईचा धोका सर्वांत जास्त. या अभ्यासानंतर जगभरच्या तज्ज्ञांनी नियम बदलले. सरसकट सुई नाही. आधी रुग्ण स्थिर आहे का ते पाहायचे, मग बहुतेकांना गोळीच सुरू करायची. मागच्या पिढीत जे शास्त्र होते ते पुढच्या पिढीत सुधारले, यात लाजण्यासारखे काही नाही. न सुधारता जुनेच करत राहणे, हे लाजिरवाणे.

एका सिस्टरने वाचवले

मी हे सगळे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नाही. शिकाऊ डॉक्टर असतानाची एक रात्र अजून आठवते. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती. पन्नाशीच्या एक बाई छातीत धडधड होते म्हणून रात्री भरती झाल्या. नाडी 140 च्या घरात. वार्डात गर्दी, मी सोळा तास उभा. ईसीजीवर नजर टाकली, आणि मेटोप्रोलॉल 5 मिलिग्रॅम शिरेतून, असे कागदावर लिहून पुढच्या खाटेकडे वळलो.

वयस्क सिस्टरने औषध भरले. पण टोचण्याआधी बाईंच्या उशाशी वाकून विचारले, "मावशी, थंडीत दम लागतो का तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "लागते ना बाई. छातीत शिट्टी वाजते. कालपासून दम्याच्या गोळ्या दोन दोन घेऊन राह्यली." सिस्टरने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मला हळूच म्हणाल्या, "सर, एकदा छाती ऐकता का?"

ऐकली. दोन्ही बाजूंना शिट्ट्याच शिट्ट्या. बाईंची धडधड दम्याने आणि दम्याच्या जास्त झालेल्या गोळ्यांनी होत होती. बीटा ब्लॉकर जसे हृदयावरच्या जागा झाकते तसे श्वासनलिकांवरच्या जागाही काही प्रमाणात झाकते. दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्याने आवळून बसू शकतात. त्या रात्री ती सुई गेली असती तर बाई सकाळ पाहत्या का, मला ठाऊक नाही. सिस्टरने कोणाला सांगितले नाही, मीच आज सांगतो आहे. त्या दिवसापासून हे इंजेक्शन लिहिण्याआधी मी तोच प्रश्न विचारतो.

पळणारी नाडी हा आजार नव्हे, निरोप आहे

नाडी जोरात चालणे म्हणजे शरीराने पाठवलेला निरोप असतो. निरोप्याला मारून निरोप बदलत नाही. उष्माघात, जुलाब, तीव्र ताप, अंगावरून जास्त जाणे, रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार, रक्तातली साखर उतरणे, दमा, नुसती भीती, इतक्या कारणांनी नाडी पळते. यातल्या बहुतेक ठिकाणी ही सुई म्हणजे चुकीच्या घराची कडी वाजवणे होय.

आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण देतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले, तरुण माणसे तडफडून मरत. दंशानंतर शरीरात अॅड्रेनलिनसारख्या रसांचा जणू पूर येतो. घाम फुटतो, रक्तदाब चढतो, पुढे छातीत पाणी भरते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, निरीक्षणे लिहून ठेवली आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीचा उपाय दाखवून दिला. 1986 साली त्यांचे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या दंशात मृत्यूचे प्रमाण त्या उपायाने अगदी खाली आले.

आता गंमत अशी की ज्या आजारात अॅड्रेनलिनचा पूर आहे त्यात बीटा ब्लॉकर द्यावे, असे कोणालाही वाटेल. पण एकटे बीटा ब्लॉकर दिले तर हृदयाचा जोर कमी होतो आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच आवळलेल्या राहतात. दमलेल्या हृदयावरचा भार वाढतो, छातीत पाणी भरण्याचा धोका वाढतो. प्राझोसिन त्या रक्तवाहिन्याच सैल करते, म्हणून ते लागू पडते. वरवर पाहता दोन्ही औषधे एकाच शत्रूविरुद्धची, पण एक तारते आणि दुसरे बुडवू शकते. आपल्याकडेही शेतात, गवताच्या गंजीत, दगडांच्या धुऱ्यावर विंचू निघतोच. म्हणून हे लक्षात असू द्यावे.

"मग आम्ही खेड्यातल्यांनी मरायचे का?"

हा प्रश्न मला त्या तरुणानेच विचारला होता, आणि तो रास्त आहे. आष्टीहून अमरावती गाठा की वर्धा-सेवाग्राम, दाराशी पोचेपर्यंत तास-दोन तास जातात. पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर त्याहून जास्त. मॉनिटर नाही म्हणून सुई नाही, असे डॉक्टर म्हणत बसला तर मधल्या वेळात काय करायचे?

उत्तर असे की मधल्या वेळात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक या सुईपेक्षा जास्त मोलाचे आहे. छातीत दाब आल्यासारखे दुखले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. ईसीजीचा फोटो आता मोबाईलवरून तज्ज्ञाला पाठवता येतो. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून अॅस्पिरिनची गोळी चावून खायला देता येते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जिथे मिळते तिथे ते जितक्या लवकर मिळेल तितके हृदय वाचते. 2014 पासून आपल्या राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला फोन करायला पैसे लागत नाहीत. मोटारसायकलवर मधे बसवून आणण्यापेक्षा तो फोन आधी करावा. झटक्यात वेळ वाचवणे हाच मोठा उपचार आहे. ठोके मंद करणारी सुई नंतर, मॉनिटरखाली, जाणत्या हाताने देता येते. ती अर्धा तास उशिरा मिळाली म्हणून सहसा बिघडत नाही. चुकीच्या माणसाला अर्धा तास लवकर मिळाली तर मात्र बिघडते.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करावे?

1. डॉक्टरांनी न विचारता सुद्धा चार गोष्टी सांगाव्यात: दमा किंवा धाप लागण्याचा त्रास आहे का, पूर्वी कधी नाडी फार मंद झाली होती किंवा चक्कर येऊन पडलो होतो का, मधुमेह आहे का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावे. त्यांच्या जोडीला बीटा ब्लॉकरची सुई पडली तर हृदय फार मंद होऊ शकते. नावे आठवत नसतील तर पाकिटेच घेऊन यावीत. आमचे म्हातारबुवा पाकिटे घेऊन आले होते, हे त्यांनी फार चांगले केले होते.

2. दवाखान्यातून सुट्टी होताना उरलेली इंजेक्शने घरी आणून जपून ठेवू नयेत. पिशवीत आली असतील तर औषधाच्या दुकानात परत करावीत किंवा आपल्या डॉक्टरांकडे द्यावीत. घरातली कुपी ही औषध नव्हे, ती पुढच्या चुकीची तयारी आहे.

3. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नये. अचानक बंद केली तर झाकलेल्या जागा एकाएकी उघड्या पडतात, छातीत दुखणे उसळते, झटकाही येऊ शकतो. उलट्या-जुलाबामुळे गोळी पोटात ठरत नसेल, किंवा फार अशक्तपणा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. हा लेख वाचून घाबरून कोणी गोळी बंद केली तर माझा सगळा हेतू फसला असे मी समजेन.

4. मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर उतरली की एरवी छातीत धडधड होते, हात कापतात. या औषधाने ती खूण झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो. म्हणून अचानक घाम सुटला तर साखर तपासावी किंवा गोड खावे.

5. आणि सुई लावा, असा हट्ट धरू नये. "डॉक्टर, धडधड कशाने होते ते आधी सांगा," असा हट्ट अवश्य धरावा.

थोडे आम्हा डॉक्टरांसाठी

हा लेख माझे व्यवसायबंधूही वाचतात, म्हणून दोन शब्द. रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे जाईल या भीतीने सुई लावणे हा उपचार नव्हे, तो सौदा आहे. नाडी 60 च्या खाली, वरचा रक्तदाब 100 च्या खाली, छातीत पाणी, दमा, ईसीजीवर विद्युतमार्गातला अडथळा, यापैकी काहीही असताना हे इंजेक्शन हाताला लावू नये. मॉनिटर आणि अॅट्रोपिन जवळ नसेल तर कुपी कपाटातच राहू द्यावी. कागदावर डोस लिहिताना "गोळी" की "शिरेतून" हे पूर्ण लिहावे, आणि सिस्टरने किंवा कंपाउंडरने शंका विचारली तर चिडू नये. मी तेव्हा चिडलो नाही, एवढेच माझे पुण्य.

मोठ्या रुग्णालयांनाही एक विनंती आहे. सुट्टीच्या कागदावर चार ओळी मराठीत लिहा. कोणते इंजेक्शन का दिले, घरी काय चालू ठेवायचे, आणि उरलेल्या कुप्यांचे काय करायचे. सही-शिक्क्याइतकीच ती चार ओळींची गरज आहे. त्या तरुणाला कोणी एवढे सांगितले असते तर त्याने दोन वर्षे ती जोखीम कोनाड्यात देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली नसती.

आणि शासनाकडे मागणे एवढेच, की तालुक्याच्या गावी चोवीस तास चालणारा ईसीजी, चालू स्थितीतला मॉनिटर आणि तो वाचता येणारा माणूस, या तीन गोष्टी असाव्यात. औषध स्वस्त आहे, कुपी सगळीकडे मिळते. महाग आहे ती नजर.

असो. ते म्हातारबुवा आता बरे आहेत. परवा मुलगा संत्र्याची पिशवी घेऊन आला होता. जाताना म्हणाला, "डाक्टरसाहेब, त्या कुप्या तुमच्याजवळच राह्यल्या होत्या ना?" मी म्हणालो, त्या त्याच दिवशी नष्ट केल्या. तो हसला. "बरं झालं जी. माय इचारत व्हती, शेजारच्या काकाजीची बी छाती धडधडते म्हणे."

वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्याही कोनाड्यात एकदा हात घालून बघा.